अमेरिकेतला पहिला मजला

रुचिता गजभिये आमच्या ऑफिसात आली ती नवऱ्याच्या खुर्चीवर बसायला. हे मी असं सरळ लिहिते, कारण तेव्हा सगळे तेच वाकडंतिकडं करून बोलत होते. "रिकाम्या सीटवर घेतलं", "सरांनी ॲडजस्ट केलं", "घरचंच माणूस आहे म्हणून". खुर्ची विनोदची होती, विनोद वारला होता, आणि आता तिच्यावर त्याची बायको बसणार होती. खुर्चीची उंचीसुद्धा तिनं कमी केली नाही. विनोद उंच होता. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, पण ती तशीच बसायची.

आमचं ऑफिस म्हणजे भंडाऱ्यात सिमेंट-लोखंडाच्या एका दुकानावरची लांबट खोली. खाली ट्रकमधून सळया उतरल्या की वर आमचे मॉनिटर थरथरतात, आणि त्या मॉनिटरवर आम्ही अमेरिकेतल्या इमारती उभ्या करतो. खऱ्या नव्हे, कॉम्प्युटरातल्या. तिकडून नुसत्या भिंतींचं मॉडेल आणि नकाशे येतात, त्यावरून आम्ही दरवाजे, खिडक्या, बेसिन, कपाटं, दिवे मॉडेलमध्ये जागच्या जागी बसवतो. कुठल्या मजल्यावर किती दरवाजे लागणार, हे बांधणारा उद्या त्या मॉडेलमधूनच मोजून घेतो. राजकुमार सरांनी पुण्यात बरीच वर्षं हेच काम केलं आणि मग परत येऊन इथं हे ऑफिस टाकलं. माणूस वाईट नाही. फक्त समोर कोणी इंग्रजीतून बोललं की सर पाघळतात, एवढंच.

विनोद कारध्याचा. वैनगंगेच्या पलीकडे राहायचा, रोज पूल ओलांडून यायचा. धानकापणीच्या दिवसांत कोणीतरी भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला दिवा न लावता उभी करून ठेवली होती, आणि अंधार पडता पडता विनोद मोटारसायकलवर घरी चालला होता. एवढंच झालं. यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहायला बसलं की त्या ट्रॉलीवाल्याला शिव्या द्याव्याशा वाटतात, आणि एकदा सुरू झाल्या की त्या माझ्याच्यानं आवरत नाहीत.

विनोदच्या जलदान विधीला आम्ही सगळे कारध्याला गेलो होतो. तिथंच सरांनी रुचिताच्या सासऱ्यांजवळ विषय काढला. रुचितानंही विनोदसारखाच सिव्हिलचा डिप्लोमा केला होता, आणि आमचं सॉफ्टवेअर विनोदनं तिला घरी लॅपटॉपवर शिकवलं होतं. सरांना दया आली होती हे खरं, आणि त्यांना कामाला माणूस हवा होता हेही खरं. दोन्ही एकदम असू शकतं. ती पुढच्या सोमवारी आली, डबा टेबलावर ठेवला, आणि मला म्हणाली, "ताई, पासवर्ड सांगा."

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात, आणि ऑफिसच्या बाहेरही, एकच चर्चा होती. रडली का? माझी आई रोज विचारायची. खालच्या दुकानातले हिरालाल शेठ विचारायचे, जणू काही माल आला का म्हणून विचारताहेत. ती रडत नव्हती. कोणी विनोदचं नाव काढलं की ती थांबून ऐकायची, मान हलवायची आणि पुन्हा कामाला लागायची. भाजी कशी झाली विचारलं तर "झाली" म्हणायची. आमच्यातल्या एकीनं तर सरळ म्हटलं, "काळीज हाय का नाई या पोट्टीले." मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर थोडा रुचिताचाही आला. माणसानं थोडं तरी रडावं, म्हणजे बाकीच्यांना हात धरता येतो. ती कोणाला काही धरूच देत नव्हती.

तिला येऊन थोडे दिवस झाले होते, तेवढ्यात अमेरिकेतून मेल आली. विनोदनं सगळ्यात मोठं काम केलं होतं ते तिकडच्या एका दुमजली शाळेचं. त्या शाळेचं काम बघणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, की तुमच्या मॉडेलच्या मोजणीत आमच्या पहिल्या मजल्यावर एकही दरवाजा दिसत नाही, मुलं आत जाणार कशी? आणि गच्चीवर एवढी बाकं कशाला?

सरांनी मॉडेल उघडलं. बघायला सगळं ठीक होतं. दरवाजे जमिनीवर होते, बाकं वर्गात होती. मग मोजणी उघडली, आणि जमिनीवर खरंच काही नव्हतं.

हे समजावून सांगायला हवं. आमच्या मॉडेलमधल्या प्रत्येक वस्तूच्या दोन गोष्टी असतात. ती उभी कुठं आहे, ही एक. आणि ती कुठल्या मजल्याची म्हणून नोंदली आहे, ही दुसरी. दोन्ही जुळायला हव्यात, पण जुळतीलच असं नाही. एखादा दरवाजा वरच्या मजल्याच्या नावावर टाकायचा आणि मग माऊसनं ओढून खाली आणायचा, असंही करता येतं. डोळ्यांना तो खालीच दिसतो. मोजणीत मात्र वर जातो, आणि बांधणाऱ्याचा ट्रकही त्याला वरच घेऊन जातो.

अमेरिकेत जमिनीवरच्याच मजल्याला फर्स्ट फ्लोअर म्हणतात. आपल्याकडे फर्स्ट फ्लोअर म्हटलं की पाय आपोआप जिन्याकडे वळतात. भंडाऱ्यात कुणालाही विचारा, पहिला माळा म्हणजे जिना चढून. विनोदच्या हातात 'फर्स्ट फ्लोअर'चा नकाशा आला. मॉडेलमधल्या मजल्यांवर नावं नव्हती, ते त्यानं खालून मोजले. सगळ्यात खालचा ग्राउंड, त्याच्या वरचा फर्स्ट. तिथं त्यानं दरवाजे मांडले, तर ते तिकडून आलेल्या भिंतींच्या वर तरंगायला लागले. त्याला वाटलं, उंची चुकली. मजलाच चुकला आहे हे त्याच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही आलं नसतं. त्यानं एकेक वस्तू ओढून खाली आणली. मग 'सेकंड फ्लोअर'चा नकाशा आला, तो गच्चीवर मांडला आणि तोही ओढून खाली आणला.

आणि पहिल्या दिवशी सरच त्याला म्हणाले होते, "फर्स्ट फ्लोअर आधी घे, ग्राउंडचं ड्रॉइंग अजून आलं नाही." मी शेजारीच बसले होते. ग्राउंडचं ड्रॉइंग येणारच नव्हतं, कारण त्या शाळेला ग्राउंड नावाचा मजलाच नव्हता. मी नंतर सरांना एकटं गाठून हे सांगितलं. सर म्हणाले, "हो गं, पण आता त्याचं काय."

सरांनी सगळ्यांना गोल बसवलं. म्हणाले, "पुढच्या तपासणीत कोणी केलं ते विचारतील. अशा वेळी नाव द्यावं लागतं." सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. गेलेल्या माणसाचं नाव द्यायला सोपं पडतं, तो काही उलट मेल करत नाही. हे कोणी बोललं नाही, पण खोलीत सगळ्यांच्या मनात तेच होतं. माझ्याही.

रुचिता म्हणाली, "सर, थे काम मले द्या. त्यायची तपासणी होण्याच्या आधी सगळं बरोबर करून देईन. पण विनोदचं नाव कोणापाशी नाही घ्यायचं."

"नाही घेणार," सर म्हणाले.

"कोणापाशीच नाही."

"शब्द देतो, रुचिता."

"मंग मले दुसरं काही नको," ती म्हणाली आणि उठून जागेवर गेली.

तिला हे एवढं का पाहिजे होतं ते मला नंतर कारध्याला गेल्यावर कळलं. तिचे सासरे, आनंदराव काका, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. आयुष्यभर त्यांनी शाळेची घंटा वाजवली, वर्ग झाडले, खिचडीचं सामान वाहिलं. विनोदनं त्या अमेरिकन शाळेचा एक फोटो त्यांच्या फोनवर पाठवला होता, निळ्या आभाळाखाली लाल विटांची इमारत. कॉम्प्युटरातलंच चित्र, पण खरं वाटावं असं. काका तो फोटो कारध्यातल्या प्रत्येकाला दाखवत. "माह्या पोट्ट्यानं अमेरिकेत शाळा बांधली." विनोद असताना तो लाजायचा, म्हणायचा, बाबा, मी फक्त दरवाजे बसवले. आता लाजणारं कोणी नव्हतं. काका तोच फोटो दाखवून दाखवून दिवस काढत होते. भंडारा केवढंसं, आणि कारधा तर पुलापलीकडे. विनोदनं शाळा उलटीपालटी करून ठेवली, हे वाक्य ऑफिसच्या जिन्यावरून उतरलं असतं तर त्यांच्या दारात पोचायला वेळ लागला नसता.

काम वाईट होतं. वस्तूच्या नावापुढचा मजला बदलायला काही लागत नाही, दोन क्लिक. पण विनोदनं ती ओढून खाली आणली होती ना, तो खाली आणल्याचा हिशोब तिच्याबरोबर तसाच राहतो. म्हणजे मजला बरोबर केला की ती वस्तू तेवढीच आणखी खाली जाते. जमिनीत. दरवाजाचा मजला बदलला की दरवाजा गडप. मग खाली जाऊन तो शोधायचा, ते खाली ओढल्याचं अंतर पुसायचं, आणि वर आणून त्याच्या भिंतीत पुन्हा नीट बसला का ते बघायचं. एका वस्तूचं असं. आणि शाळा ती शाळा, तिच्यात वस्तूंना काय तोटा.

सरांनी तिला सोपा रस्ता सुचवला होता. विनोदचं सगळं पुसून टाकायचं आणि रिकाम्या भिंतींवर नव्यानं बसवायचं, दोन-तीन जणांनी मिळून. लवकर झालं असतं. रुचिता म्हणाली, "नाही सर. आहे थेच सरकवीन." सर माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले. मला कळलं होतं, पण ते सरांना कळावं असं मला वाटलं नाही.

सगळ्या वस्तू सारख्याच अंतरानं खाली ओढलेल्या असत्या तर एका दमात झालं असतं. पण विनोदनं त्या नजरेनं ओढल्या होत्या. एक बेसिन सूतभर वर, दुसरं सूतभर खाली. बालवाडीच्या पोरांसाठीची खुजी बेसिनं होती ती, सगळी एका ओळीत, आणि एकही दुसऱ्याच्या रेषेत नव्हतं. मी म्हटलं, "नवऱ्याला तुझ्या माप घ्यायचा कंटाळाच होता." ती म्हणाली, "घरी खिळा पण थो असाच ठोकते." मग तिनं ते वाक्य दुरुस्त केलं. "ठोके." आणि पुढच्या बेसिनवर गेली.

तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी बघत होते म्हणून सांगते. मजला बदलला की बेसिन स्क्रीनवरून नाहीसं व्हायचं, ती थोडा वेळ त्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहायची, मग खाली जाऊन त्याला वर काढायची. एकदा तिनं वर काढायला बराच उशीर लावला. मी खुर्ची सरकवून तिच्या शेजारी गेले. म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही. गेलं खाली."

"मग काढ की वर."

"हाव, काढून राहिली," ती म्हणाली आणि तिनं ते काढलं. मी माझ्या जागेवर परत आले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि तिनं मात्र आपला डबा पूर्ण संपवला. चवळीची भाजी होती.

संध्याकाळी मी तिला स्कूटीवर कारध्याला सोडायला जायला लागले. माझं घर अलीकडेच आहे, पण पूल ओलांडून जायचं तर तिनं ऑटोची वाट बघत उभं राहायचं, ते मला बघवत नव्हतं. ती मागं बसायची आणि पुलाच्या अलीकडे, जिथं ते झालं, तिथं आल्यावर माझ्या खांद्यावरचा तिचा हात जसा होता तसाच राहायचा. घट्ट नाही, सैल नाही. मी मात्र तिथं हमखास ब्रेक दाबायची, रस्ता रिकामा असला तरी.

एकदा मंगलाबाई काकूंनी, म्हणजे तिच्या सासूनं, मला चहाला थांबवलं. रुचिता आत कपडे बदलायला गेली. काकू हळूच म्हणाल्या, "अपेक्षा, थे ऑफिसात तरी रडते काय वं?"

"नाही काकू."

"घरी पण नाई. मी रडाले बसली का थे भांडे घासाले बसते. मी म्हटलं, बाई, तुह्या मनात काय आहे थे आमाले सांग. तर मनते, काही नाही आहे, आई. आन् मले वाटते, खरंच सांगून राहिली."

तेवढ्यात आनंदराव काका बाहेरून आले. जय भीम झालं. ते बसले आणि त्यांनी खिशातून फोन काढला, पण फोटो दाखवला नाही. फोन हातातच ठेवला. म्हणाले, "एक विचारू काय? त्या दिवशी बजारात कोणी तरी म्हणे, शाळा चुकली म्हणून. बांधाले गेले तर दरवाजेच नाही म्हणे तिच्यात."

बातमी पूल ओलांडून आलीच होती. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात रुचिता दारात येऊन उभी राहिली. "नाही बाबा. दरवाजे आहेत. जागेवर आहेत. मी रोज पाहून राहिली."

"चुकलं-बिकलं नाही ना काही?"

"शेवटचं काम राहिलं आहे. थे मी करून राहिली."

काकांनी मान डोलावली. त्यांचा विश्वास बसला की नाही मला सांगता येणार नाही. पण फोन त्यांनी पुन्हा खिशात ठेवला, आणि त्या दिवशी मी निघेपर्यंत फोटो काही दाखवला नाही. त्यांच्या घरी असं पहिल्यांदाच झालं होतं. परत येताना मला पहिल्यांदा भीती वाटली, की हे काम वेळेत झालं नाही तर काय.

झालं. दरवाजे झाले, खिडक्या झाल्या, कपाटं, फळे, दिवे, बाकं झाली. तिनं कोणाला हात लावू दिला नाही. मोजणी उघडली तर खालचं खाली आणि वरचं वर होतं, गच्चीवर आता काहीच नव्हतं. रुचितानं ते मला दाखवलं. मी म्हटलं, "वा." ती म्हणाली, "पाहा तुमी पण एकदा, माहा भरोसा नाही." मी पाहिलं. एकही वस्तू चुकलेली नव्हती. विनोदचं ते सूतभर वर आणि सूतभर खालीही आता कुठं उरलं नव्हतं, सगळी बेसिनं एका रेषेत होती.

तपासणी व्हिडिओ कॉलवर होती. आमच्याकडे दिवेलागणीची वेळ, त्यांच्याकडे सकाळ. सर मोठ्या स्क्रीनसमोर बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. मॉडेल दाखवायचं काम रुचिताकडे होतं, म्हणून ती आपल्या कॉम्प्युटरवर माईक चालू ठेवून बसली होती. मी तिच्या मागं. स्क्रीनवर त्या बाई आल्या, पिकलेल्या केसांच्या, हातात कॉफीचा मोठा कप. रुचितानं त्यांना खालचा मजला फिरवून दाखवला. त्यांनी मध्येच थांबवून मोजणी बघितली, एक दरवाजा निवडायला सांगून तो कुठल्या मजल्याचा ते विचारलं, आणि खूश झाल्या. म्हणाल्या, अगदी स्वच्छ काम केलंत.

इथंच थांबायचं होतं. आभार मानायचे आणि पुढं जायचं. पण बाईंनी कॉफीचा घोट घेता घेता सहज विचारलं, की आधी एवढा घोळ झाला तरी कसा? त्यांना उत्तर हवंच होतं असंही नाही. सरांनी सांगायला हवं होतं, की तुमचा पहिला मजला आमच्याकडे जिना चढून असतो. एवढं साधं होतं. पण सर पाघळले. म्हणाले, "मॅडम, ज्यानं ते केलं तो माणूस आता आमच्याबरोबर नाही."

इंग्रजीतसुद्धा ते वाक्य असंच दोन अर्थांचं होतं. बाईंनी ते जसं ऐकायचं तसंच ऐकलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "बरं केलंत. अशी माणसं ठेवून परवडत नाही."

आणि सर म्हणाले, "थँक यू, मॅडम."

मला ते शब्द अजून ऐकू येतात. मी सरांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं आणि डोळे मात्र रुचिताकडे वळले होते. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं.

रुचितानं माऊसवरचा हात काढला नाही. माईकमध्ये, हळू, शाळेत धडा वाचावा तसं ती इंग्रजीत म्हणाली, "त्याला काढलं नाही. तो मेला. तो माझा नवरा होता." मग म्हणाली, "आमच्याकडे पहिला मजला जिना चढून असतो. आम्ही जसं म्हणतो तसं त्यानं केलं."

बाईंनी कप खाली ठेवला. त्या काहीतरी बोलायला लागल्या, माफ करा, मला माहीत नव्हतं, फार वाईट वाटलं. बराच वेळ बोलत होत्या. रुचितानं ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरा मजला दाखवू?" आणि तिनं दुसरा मजला दाखवला, सगळा, एकेक वर्ग.

कॉल संपल्यावर सर तिच्या टेबलापाशी आले. "रुचिता, माझ्या तोंडून ते..."

"शब्द देल्ला होता सर तुमी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. सर तिथंच एका खुर्चीवर बसले. मी मात्र आवाज चढवला. ग्राउंडचं ड्रॉइंग अजून आलं नाही असं कोण म्हणालं होतं, ते मी सगळ्यांसमोर सरांना विचारलं. मला नोकरीवरून काढतील याचंही भान नव्हतं. काढलं नाही.

आम्ही खाली उतरलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती थांबली. मला वाटलं, आता रडणार. मी हेल्मेट खाली ठेवून तयार झाले.

ती म्हणाली, "ताई, मी इंग्लिशमधी म्हटलं."

"काय?"

"थो मेला म्हणून. मराठीत मी आजपर्यंत कोणालेच नाही म्हटलं."

मी म्हटलं, "सगळ्यांना माहीतच आहे गं. म्हणायची काय गरज?"

"हाव. म्हणून तर कोणी मले विचारलंच नाही." असं म्हणून ती स्कूटीपाशी जाऊन उभी राहिली. मी गाडी काढली. पुलाच्या अलीकडे नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि पूल ओलांडला.

आनंदराव काका दाराशी खाट टाकून बसले होते. तपासणी आज आहे हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही थांबतो न थांबतो तोच त्यांनी विचारलं, "झाली काय शाळा?"

"झाली, बाबा."

"काय म्हणे थे लोकं?"

"चांगली आहे म्हणे. एकदम बरोबर आहे म्हणे."

काकांचा चेहरा एकदम सैल झाला. इतके दिवस ते त्या बाजारातल्या बातमीला छातीवर घेऊन बसले होते, ते मला तेव्हा दिसलं. मग त्यांनी विचारलं, आणि हे विचारतील असं माझ्या मनातही आलं नव्हतं. "विनोदचं नाव सांगतलं काय त्यायले? त्यानं बांधली म्हणून?"

रुचिता खांद्यावरची बॅग न काढता उभी होती. जे नाव कोणापाशी घ्यायचं नाही म्हणून ती इतके दिवस त्या खुर्चीवर लोंबत्या पायांनी बसली होती, तेच नाव सांगितलं का म्हणून त्याचा बाप विचारत होता.

"हाव," ती म्हणाली. "त्यायच्या मोठ्या बाईले सांगतलं."

"मंग? कुठं आहे म्हणून नाही विचारलं तिनं?"

"विचारलं."

"तू काय सांगतलं?"

तिनं खांद्यावरचा बॅगेचा पट्टा धरला. "मेला म्हणून सांगतलं," ती म्हणाली. आणि मग, हे काकांना आपणच पहिल्यांदा कळवतो आहोत अशा आवाजात म्हणाली, "बाबा, विनोद मेला."

"हाव, बाई," काका म्हणाले. "मेला."

ती तिथंच, दारातल्या पायरीवर, बॅगेसकट खाली बसली. "बाबा, पाणी द्या," म्हणाली. काका उठले, आत गेले, आणि गडवा भरून घेऊन आले. तिचा हात काही पुढं होईना, म्हणून त्यांनीच तो तिच्या ओठांना लावला. गडवा दातांवर आपटत होता. पाणी सगळं हनुवटीवरून अंगावर गेलं आणि मग तिच्या घशातून जो आवाज आला, तो ऐकून काकू कणकेच्या हातांनी बाहेर धावत आल्या.

इतके दिवस आम्ही सगळे ज्याची वाट बघत होतो, ते माझ्यासमोर चाललं होतं, आणि मला ते बघवेना. मी स्कूटी चालू केली नाही. ढकलत ढकलत रस्त्यापर्यंत नेली आणि तिथं गेल्यावर चालू केली.